सुजाताची चेन

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही. सुजाताजवळ तर — थांबा, तिच्यापर्यंत येतेच.

आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंतच. पुढे सायकलीनं पिंपळगाव राजाला जायचं. आम्ही पाच-सहा पोरी. सुजाता सगळ्यांच्या पुढे, सायकलीतही आणि अभ्यासातही. मी सगळ्यात मागे. माझ्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि दम मात्र मलाच लागायचा! हसा खुशाल.

नववीत तिची चेन उतरायला लागली. बाकीच्या पुढे निघून जायच्या. मी चेन चढवून द्यायची, मग आम्ही दोघीच गप्पा मारत घरी यायचो. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी मनातलं मला सांगतेय — मी केवढी सुखात होते!

पण मैत्रीण म्हणवते तर दुरुस्तही करायला हवं ना? बाबांचा पाना आणला, मागचं चाक ओढून नट आवळले. चेन ताठ झाली. दुसऱ्या दिवशी सुजाता पुन्हा घोळक्यात, पार पुढे. तिनं मागे वळून पाहिलं नाही. का पाहावं तिनं?

आता सांगते. मधल्या सुट्टीत, शाळेमागे सायकली लावलेल्या असायच्या तिथे, मी ते नट ढिले केले, चाक थोडं पुढे सरकवलं आणि पुन्हा आवळले. एकदाच केलं, असं म्हणता आलं असतं तर — पण नाही. कुणी चेन ताणून दिली की मी परत सैल करायची. पाना माझ्या दप्तरातच असायचा.

चेन रोज रस्त्यात पडायची. मी हात काळे करून चढवायची. "तू नसती तं मी काय केलं असतं वं?" सुजाता म्हणायची. आणि मला ते ऐकायला आवडायचं.

हिवाळ्यात घरी पोचेपर्यंत अंधार व्हायला लागला. तिच्या वडिलांनी आधी बजावलं, मग शाळाच बंद केली. सायकल आमच्या दुकानात आणून ते बाबांना म्हणाले, "पोरगी रोज अंधारात येऊन राह्यली. लोकं काय म्हणतीन?" मी दारामागे उभी होते. दोन वाक्यं बोलले असते तर ती शाळेत परतली असती. माराची भीती नव्हती. सुजाता माझ्याशी बोलणार नाही, याची होती.

बाबांनी चाक मागे ओढून दिलं. पुढे तिचे वडील ती सायकल शेतात न्यायचे. सायकल आमच्या दारावरून मुकाट जायची आणि मी कान लावून बसायची. चेन कधीच पडली नाही.

दहावीला मी बसले, ती नाही. मी खामगावला शिकले, शिक्षिका झाले. तिला सोनाळ्याला दिलं. ती दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाते. रस्त्यात कुणाची चेन उतरली, तो खळकन आवाज आला, की अजून मी थांबून वळून बघते.

परवा तिच्याकडे गेले होते. तिच्या लेकीच्या सायकलची चेन पडत होती.

"मावशीले दाखव," सुजाता म्हणाली. "माही चेन हिनंच बसवली हाये रोज. सख्खी बहीण नाई करत एवढं."

मी पाना मागितला. चाक मागे ओढलं, नट आवळले. परत परत आवळले. सुजातानं साबण आणला, तांब्यातलं पाणी स्वतः माझ्या हातांवर घातलं. मी हात पुढे धरून उभी राहिले.