एमएच दहा

सांगलीहून गाडी चालवत दिल्लीला आलं की माणूस सगळं बघायचंच या हट्टाला पेटतो. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट उरकून आम्ही गाडीशी परतलो तेव्हा आईचे पाय आणि माझं डोकं दोन्ही ठणकत होती. एक म्हातारे गृहस्थ आमची नंबरप्लेट वाचत उभे होते. मला वाटलं, गाडी चुकीच्या जागी लावली.

“एमएच दहा. सांगलीचे ना?” ते मराठीत म्हणाले. “मी तासगावचा. नोकरीला आलो, लग्नही इथंच झालं, मग राहिलोच.”

काय काय बघितलंत, हे त्यांनी विचारलं नाही. चाकांवर वाळलेल्या चिखलाकडे ते बघत राहिले. आईने भडंगाचा डबा उघडून पुढे धरला. आमच्याकडे ओळख अशीच होते.

त्यांनी मूठभर भडंग तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं. “लसूण कमी पडलाय.”

एरवी आई फणकारली असती. या वेळी खुदकन हसली. दिवसभर आम्ही प्रत्येक इमारतीला वा वा म्हणत फिरलो होतो. वा वा पाहुणे म्हणतात. नावं ठेवायला घरचंच माणूस लागतं.

“डबा न्या,” आई म्हणाली. “घरी लसूण तळून घाला वरून.”

“घरी लसूण चालत नाही,” ते म्हणाले, आणि गाडीला टेकून तिथंच खाऊ लागले.