डॉमिनिकाच्या धबधब्यापाशी आई कोणाशी बोलली?

असल्या गोष्टी मी मानत नाही... आजही नाही. आम्ही नागपूरचे बौद्ध. घरात कधी लिंबू-मिरची टांगली गेली नाही, आणि कोणी भुताची गोष्ट काढली की आईच त्याला गप्प करायची. म्हणूनच हे लिहिताना अडखळतोय.

१९९६चा मार्च. मी तेव्हा ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहायचो, एका तेल कंपनीत इंजिनिअर. आदल्या वर्षी बाबा गेले आणि मी आईला इकडे घेऊन आलो. ती दिवसभर खिडकीपाशी बसून राही. रडणं नाही, बाबांचं नाव नाही, हो-नाहीपलीकडे बोलणंच नाही. माझी बायको वैशाली म्हणाली, आईंना जरा बाहेर काढू या. मग मुलीच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये डॉमिनिकाची तिकिटं काढली — कॅरिबियनमधला चिमुकला देश. पांढऱ्या वाळूचे किनारे फारसे नाहीत, पण डोंगर, दाट जंगल, पोपट, जमिनीतून वाफा सोडणारे झरे...

पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आमचा गाईड कर्टिस आम्हाला जुळ्या धबधब्यांपाशी घेऊन गेला. तिथे थंड पाण्याच्या शेजारीच खडकांतून गंधकाच्या वासाचं गरम पाणी येतं. त्यात पाय सोडून आईला एका सपाट दगडावर बसवलं. शेजारी गावातली एक म्हातारी बसली होती, डोक्याला चौकड्यांचा रुमाल. आम्ही तिघं खालच्या डोहात उतरलो.

थोड्या वेळानं वर पाहिलं तर आई बोलत होती. हातवारे करत, न थांबता. ती म्हातारीही बोलत होती — तिचे ओठ हलताना मी पाहिले, पण पाण्याच्या आवाजात शब्द ऐकू येईना. मग आईनं पदर डोळ्यांना लावला.

"बाबा, व्हाय इज आजी क्रायिंग?" माझी मुलगी रिया म्हणाली.

मी वर पोचेपर्यंत म्हातारी पायवाटेला लागली होती. आई म्हणाली, तिचा पोरगा इथंच वरच्या डोहात बुडाला. दोन पोरींच्या पाठीवरचा.

"तुला कसं कळलं?"

"तिनंच सांगितलं ना मले."

"कोणत्या भाषेत, आई?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मराठीत. अजून कायच्यात?"

तिथले लोक इंग्रजी बोलतात, आणि आईला इंग्रजी येत नव्हतं. मी कर्टिसला त्या म्हातारीबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, मुलाचं खरं आहे, दोन मुलींनंतर झालेला. पण तो गेल्यापासून ही बाई कोणाशी एक शब्द बोललेली नाही, घरच्यांशीसुद्धा नाही. मी सांगितलं, मी तिचे ओठ हलताना पाहिलेत. त्यावर त्यानं, गाडीकडे चला, एवढंच म्हटलं.

मग मला चैन पडेना. उकळतं तळं बघायला जायचं होतं, ते कॅन्सल केलं आणि पुन्हा पुन्हा धबधब्यावर जात राहिलो. म्हातारी दिसली नाही. आई मात्र पोटभर जेवत होती, रियाच्या वेण्या घालत होती.

शुगर लँडला परतल्यावर एका संध्याकाळी मी धीर करून विचारलं, तू काय सांगितलंस तिला?

"तुह्या बाबाचं. दवाखान्यात शेवटी काय बोलले, ते."

आणि मग ते तिनं मलाही सांगितलं, पहिल्यांदाच. ते इथे लिहिणार नाही.

आई आता नाही. वैशाली म्हणते, कर्टिसची माहिती ऐकीव असेल, बाई बोलतही असेल. असेल... पण भाषेचं काय? इतकी वर्षं डोकं चालवलं, उत्तर सापडलं नाही. आईला मात्र त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही, शेवटपर्यंत.