बदलीवाल्यांची कार्डं

सकाळधरनं शिवशरणचं बूड एका जागी टेकत नव्हतं. वळसंगचा हा गडी पुण्याला जाऊन काँप्युटर शिकला आणि सोलापूरच्या एका गिरणीत पगाराचा प्रोग्राम एकहाती लिहून बसला. आज त्याची चाचणी. पगाराचा हिशेब करणाऱ्या जुन्या मशीनपेक्षा लवकर पगार निघाला, तर नोकरी पक्की. न्हायतर परत वळसंगला, बैलांच्या मागं.

प्रोग्रामची खोड त्याला ठाऊक होती. कायम कामगाराचं कार्ड आलं की प्रोग्राम पळायचा. पण बदलीवाला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला, आला की अडलाच. हा ज्याच्या जागी आला, त्याची नोंद हुडकायला कायम कामगारांची टेप पार मुळापर्यंत उलटी फिरवायचा. म्हणून कार्डांना भोकं पाडणाऱ्या जुलेखाला त्यानं काल हळूच सांगितलं होतं, "चाचणीसाठी बदलीवाल्यांची कार्डं काढून ठेव."

गिरणीचे साहेब घड्याळ हातात घेऊन बसले. मशीन सुरू झालं. टेप जरा पुढं सरकली आणि करकर करत मागं गेली. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. शिवशरण दारापर्यंत गेला, परत आला, खिडकीशी गेला. राहवेना तसं ट्रेमधलं एक कार्ड उचललं. बदली. त्याच्या खालचं बदली. तळापर्यंत बदलीच!

"जुलेखा, काय केलंस गं हे?" तो दातओठ खात पुटपुटला.

"तुमीच बोल्ले की, काढून ठेव म्हून. अख्ख्या गठ्ठ्यातनं हुडकून काढली, बोटं सोलली माझी!"

"अगं, बाजूला काढ म्हनलं हुतं!"

"बाजूला कशापायी? त्यांचा पगार न्हाय व्हय करायचा?"

त्यानं कार्ड परत ट्रेमध्ये ठेवलं.

"जुनं मशीन एव्हाना काम उरकून झोपलं असतं," साहेब म्हणाले. "कार्डं चुकीची लागली का रे?"

'व्हय' पार ओठावर आलं. पण मग बरोबर कुठली, ते सांगावं लागलं असतं.

"न्हाय साहेब. कार्डं आपलीच हायेत. प्रोग्राम बदलीवर अडतोय."

"निम्मी गिरणी बदलीवर चालते! पगाराच्या आधी चाचणी पुन्हा लावू. कार्डं मी निवडणार. तोवर पक्कं वगैरे काही नाही."

साहेब गेले. जुलेखा पदराआड हसली. "म्हंजे भाऊ, तुमीबी बदलीवालेच की आता."

त्यानं ट्रेमधला गठ्ठा उचलला. बदलीवाला ज्याच्या जागी आला, त्या कायम कामगाराच्या नंबरानं कार्डं ओळीनं लावली, तर टेप मागं फिरायचं कारण उरत नव्हतं. तो उभ्याउभ्याच लावायला लागला. घाई नडली. निम्मा गठ्ठा फरशीवर सांडला. शिवी हासडत तो खाली बसला आणि पहिल्यापासनं लावू लागला.