बटाट्याच्या शेतातलं तेल

पुण्याहून आईचं पत्र आलं की त्यात एक प्रश्न ठरलेला असे: तेलाच्या विहिरी ज्यांच्या शेतात आहेत, ती माणसं असतात तरी कशी? जमिनीतून तेल निघालं म्हणजे कुबेरच दारी आला, अशी तिची समजूत. पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी हॅनोव्हरला भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट करत होतो आणि असले शेतकरी मला रोज भेटत होते. रबरी बुटांना काळा चिकटा, हातात फावडं आणि तोंडावर वैताग. हे मी आईला कधी कळवलं नाही. तिचा कुबेर तिच्याकडेच राहू दिला.

हॅनोव्हरच्या उत्तरेला मोठा माळ आहे, रेताड, पाइनच्या झाडांचा. तिथे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लहानसहान कंपन्यांनी जागोजाग बोअर खणले होते. तेल आटलं, कंपन्या बुडाल्या, मनोरे उतरवून नेले आणि भोकं मागे राहिली. कुणी त्यात माती लोटली, कुणी झाडाचं खोड ठोकून वर गवत पसरलं. लाकूड कुजलं की खालचं तेल आणि खारं पाणी सावकाश वर येऊ लागे. कंपन्यांचे नकाशे युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत जळाले होते. कुठे किती बोअर आहेत हे सरकारला ठाऊक नव्हतं, म्हणून खाणखात्याने ते शोधायचं काम आमच्या संस्थेला दिलं, आणि संस्थेने माझ्यासारख्या स्वस्तातल्या विद्यार्थ्याला.

आमचे प्रोफेसर म्हणजे बाप दाखव नाही तर श्राद्ध कर, अशा स्वभावाचे. त्यांचा विश्वास यंत्रावर. बोअरमध्ये आतून लोखंडी नळ बसवलेले असत. आमचं यंत्र घेऊन शेत पायाखाली घालायचं. खाली लोखंड असलं की काटा उडी मारी. लोखंड नसलं की यंत्र मुकं. म्हणून शेवटी एक फॉर्म असे, एर्क्लेरुंग म्हणायचे त्याला. मालकाला विचारलं, आणखी बोअर नाही असं मालक म्हणाले, असं त्यात लिहायचं आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. यंत्र मुकं झालं की माणसाला विचारा, एवढाच त्याचा अर्थ. तो मला फार उशिरा कळला.

ज्या घराबद्दल सांगतो आहे ते गावापासून दूर, माळाच्या कडेला एकटंच होतं. नवरा-बायको दोघंच, साठी ओलांडलेली. मुली लग्न होऊन गेलेल्या. मनातल्या मनात मी त्यांना काका-काकू म्हणायचो. तोंडाने अर्थात हेर आणि फ्राऊ, म्हणजे श्रीयुत आणि श्रीमती. काका गावच्या चर्चच्या पंचांत होते. अकरा गाई, थोडी राय, म्हणजे तिकडचं पावाचं धान्य, बाकी बटाटे. खालच्या बटाट्याच्या शेतात लग्नाच्या मांडवाएवढा काळा डाग पडला होता. तिथे काही उगवत नव्हतं आणि आजूबाजूच्या बटाट्यांना रॉकेलचा वास यायचा. दर शनिवारी काका फळीने तेल ओढून एका खड्ड्यात ढकलत. डाग दरवर्षी वाढत होता.

"असाच वाढला तर माझ्यानंतर इथे कुणी राहणार नाही," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. "तुम्ही बंद कराल ना, हेर डॉक्टर?"

मी डॉक्टर नव्हतो. तरी म्हटलं, करू.

त्यांच्या माडीवर मी आठ दिवस राहिलो. मी मांस खात नाही हे कळल्यावर काकूंना आधी वाटलं मी आजारी आहे. मग वाटलं युद्धात कुणाला नवस बोललोय. शेवटी त्यांनी एक तवा काढला, कधीही डुकराची चरबी न लागलेला, आणि तो वेगळ्या खिळ्याला टांगला. रोज माझ्यासाठी उकडलेले बटाटे, चक्क्यासारखं क्वार्क आणि वर जवसाचं तेल. जर्मनीतल्या माळावर एक बाई माझ्यासाठी सोवळं पाळत होती! मला भरून यायचं, आणि घरची आठवण येऊन रागही यायचा, कुणावर ते कळत नसे.

खालच्या शेतातला बोअर पहिल्याच दिवशी सापडला. काटा टणकन उडाला. त्याचे नळ जमिनीत शाबूत होते. बाकी शेतात काही नाही. सहाव्या दिवशी मी यंत्र खांद्याला लावून अंगणातून जात होतो, तर गुरांच्या फाटकापाशी काटा वेड्यासारखा फिरायला लागला. पाहतो तर फाटकाचे दोन्ही खांब लोखंडाचे. मांडीएवढे जाड नळ, हिरवा रंग दिलेले, आणि वरच्या टोकाला पेच पाडलेले. असले नळ आमच्या संस्थेच्या कपाटाशेजारी उभे करून ठेवले होते. बोअरचे नळ. खालच्या बोअरचे तर जागच्या जागी होते. म्हणजे हे दुसऱ्या एखाद्या बोअरमधून उपटलेले. आणि ज्या भोकातून लोखंड उपटलं, ते माझ्या यंत्राला जन्मात सापडणार नव्हतं. दोन आणि दोन चार करायला डॉक्टरेट लागत नाही.

शेवटच्या संध्याकाळी जेवताना मी विचारलं, "शेतात किंवा घराजवळ आणखी एखादा जुना बोअर आहे का?"

काका पाव कापत होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही," काका म्हणाले. मग पाव कापता कापता, "आल्झो, म्हणजे, माझ्या माहितीत नाही."

त्यांचे कान लाल झाले होते. एक वाक्य पुरलं असतं: मग फाटकाचे नळ कुठले? ते माझ्या जिभेवर होतं. पण मी बटाटा सोलत राहिलो. आमच्या घरात मोठ्यांना उलटून विचारायची पद्धत नव्हती. वडीलधारा माणूस, त्याचंच घर, समोर त्याची बायको, त्याच्याच ताटात मी जेवतोय, आणि त्याला म्हणू, तुम्ही खोटं बोलताय? खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. त्या वेळी मला स्वतःच्या संस्कारांचा अभिमानसुद्धा वाटला, ही त्यातली सगळ्यात घाणेरडी गोष्ट. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा लाडका राहायचं होतं. अहवालही स्वच्छ होत होता.

सकाळी मी फॉर्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. काका गोठ्यातून यायला बराच वेळ लागला. मी दोनदा घड्याळ पाहिलं, कारण बस चुकली असती. ओल्या हातांनी त्यांनी सही केली. खाली मी केली.

वसंतात ट्रकवर यंत्र घेऊन माणसं आली. त्यांनी खालचा बोअर साफ करून तळापासून वरपर्यंत सिमेंट भरलं. दोन आठवड्यांत डाग वाळला. काकांचं संस्थेला कार्ड आलं: चुना टाकला आहे, शरदात राय पेरीन, हेर डॉक्टरांना आमचा नमस्कार. प्रोफेसरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी त्या शेताचा फोटो आईला पाठवला. मागे लिहिलं, हे काम मी केलं.

जूनमध्ये काकूंचा संस्थेत फोन आला. मलाच बोलवा म्हणाल्या. त्यांना फोनवर ओरडून बोलायची सवय होती, पण त्या दिवशी हळू बोलत होत्या.

"दुधाला वास येतोय," त्या म्हणाल्या. "आणि गाई पाणी पीत नाहीत."

मी त्याच दिवशी गेलो. पिण्याच्या पाण्याची विहीर गोठ्यामागे होती. काकांनी बादली वर काढली. पाण्यावर मोराच्या पिसासारखा तवंग होता. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. आठवड्याच्या अखेरीस बादलीत काळे थेंब येऊ लागले. खालच्या शेतातलं तोंड आम्ही पक्कं बंद केल्यावर जमिनीतला दाब दुसरं तोंड शोधत गेला, आणि ते तोंड विहिरीपासून चौदा पावलांवर होतं, गोठ्याच्या भिंतीलगत, कुजलेल्या ओकच्या खोडाखाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि बंब पाठवणारा मी.

तेव्हा काकांनी अंगणात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. युद्धानंतर खिळासुद्धा मिळत नव्हता. फाटक मोडलेलं, गुरं रस्त्यावर जायची. एका शेजाऱ्याला मदतीला घेऊन, दोन घोडे लावून त्यांनी नळ उपटले, भोकात ओकचं खोड ठोकलं, वर चिकणमाती चोपली. लोखंड कागदोपत्री कंपनीचं. दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या माणसाने चोरी केली, हे बायको आणि तो शेजारी सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

सिमेंटवाली माणसं पुन्हा आली. पण नळ नसलेलं भोक आतून ढासळलं होतं, खाली ते कुठे वळलंय ते सापडेना. तीन ठिकाणी खणलं. तिसऱ्या वेळी गोठ्याची भिंत तडकली आणि मुकादमाने हात झटकले. प्रोफेसर म्हणाले, आता पन्नास वर्षं ते पाणी असंच राहणार. ते आकाशाकडे बघून हवामान सांगावं तसं म्हणाले. मला त्यांचा संताप आला, पण त्यांनी तर यंत्रावरच विश्वास ठेवला होता; माणसाला विचारायचं काम माझं होतं.

उन्हाळाभर काका शेजाऱ्याकडून दुधाच्या कॅनमधून पाणी आणत राहिले. अकरा गाईंना ते पुरेना. शरदात गाई विकल्या. त्या सकाळी मी तिथेच होतो, नमुने घ्यायला. आता कसले नमुने, पण घेत होतो. काकूंनी शेवटची धार काढली, दूध गाळलं नाही, तसंच नेऊन गटारात ओतलं आणि बादली धुवायला विहिरीकडे वळल्या. दोन पावलं गेल्यावर थांबल्या. बादली तशीच खाली ठेवून आत गेल्या.

हिवाळ्याआधी दोघं हॅनोव्हरला मुलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जाणार हे ठरलं. घर कुणी घेणार नव्हतं. पाणी नसलेलं शेत कोण घेतो?

मग खाणखात्याचा अधिकारी चौकशीला आला. काकूंच्या दिवाणखान्यात बसून त्याने मला विचारलं, दुसऱ्या बोअरची काही खूण त्या वेळी दिसली होती का?

"नाही," मी म्हणालो. जर्मनमध्ये हा शब्द फार छोटा आहे, चटकन निघून जातो.

काका खिडकीपाशी उभे होते. "यांनी विचारलं होतं," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "मी खोटं सांगितलं. दोष माझा आहे." अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. माझी डॉक्टरेट वाचली.

चौकशी संपल्यावर काका मला बसपर्यंत सोडायला आले. यंत्राची पेटी त्यांनीच उचलली होती, मला घेऊ देईनात. निम्म्या रस्त्यात ते म्हणाले, "तुम्हाला फाटकापाशी कळलं होतं ना?"

"हो."

"हं. मलाही वाटलंच." थोडं चालून ते पुढे बोलले. "त्या संध्याकाळी तुम्ही वर गेल्यावर बायको म्हणाली, उद्या तो पुन्हा विचारेल, तेव्हा सांगून टाक. सकाळी मी गोठ्यात मुद्दाम रेंगाळत होतो. म्हटलं, तुम्ही आत याल. एकदा नाही म्हटलेला माणूस आपण होऊन कसा सांगणार? कुणीतरी दुसऱ्यांदा विचारावं लागतं. आत या आठ पावलं आणि विचारा, बस, एवढंच हवं होतं. मग बायकोने हाक मारली, की हेर डॉक्टरांची बस आहे."

रागावून नव्हते बोलत. राग असता तर मला सोसला असता. बस आली. त्यांनी पेटी माझ्या हातात दिली आणि हात पुढे केला. क्षमा मागायचे शब्द मला दोन्ही भाषांत येत होते. मी हात मिळवला आणि बसमध्ये चढलो.