आग्नेय कोपऱ्यातली गाठ

लीड्समधलं घर विकायला काढलं तेव्हा ह्यांना जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. मला काहीच वाटत नव्हतं. भेटायला आलेली माणसं रडायची आणि मी त्यांच्यापुढे बिस्किटं ठेवायची. ग्लासगोला मुलीच्या शेजारी एक लहानसा फ्लॅट पाहून ठेवला होता. हे घर विकलं तरच तो मिळणार होता.

गिऱ्हाईक मिळालं, पण त्याची बँक अडून बसली. घर इतकं नवं आणि बांधकामाची हमी कशी नाही? एरवी नव्या घराला दहा वर्षांची हमी असते. आमच्या बिल्डरने ती घेतलीच नव्हती, आणि पुढे त्याचं दिवाळं निघालं. स्वस्त आणि मस्त म्हणून ह्यांनीच हौसेने घेतलेलं घर, आता भोगा! वकिलाने तोडगा काढला. बांधून झालेल्या घरालाही असा विमा मिळतो, फक्त कंपनीचा सर्व्हेअर आधी घर तपासून जातो.

तो आला. भिंती, छप्पर, सगळं पसंत पडलं. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं लिनोलियम उचलून तो थबकला. खालच्या काँक्रीटला ताटलीएवढं ठिगळ होतं.

"इथे जमीन खचली होती का?" त्याने विचारलं.

त्याला काय कपाळ सांगणार? वास्तुशांत माझ्याच हट्टाने झाली होती. वास्तुप्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते. हे हाडांचे सर्जन, छिन्नी-हातोडा हातात बसलेलाच. भर सुटीच्या दिवशी ह्यांनी नवीकोरी जमीन फोडली आणि प्रतिमेची डबी ऑपरेशनच्या रबरी हातमोज्यात घातली.

"अहो, देवाला हातमोजा?" मी ओरडले होते.

"अगं, खाली डॅम्प असतो. तुझा देव गारठेल," हे म्हणाले होते.

सर्व्हेअरला यातलं जमेल तेवढं सांगितलं. त्याने सभ्यपणे ऐकून घेतलं, पण खाली ओल शिरलीय का हे पाहिल्याशिवाय घर पास होणार नव्हतं. पुढच्या खेपेला तो छिन्नी आणि सिमेंट घेऊन आला. ठिगळ निघालं. खाली सगळं कोरडं ठणठणीत होतं. त्याने हातमोज्याचं गाठोडं काढून माझ्या हातात दिलं.

वर ह्यांची गाठ होती. बुटाची नाडी असो, चिवड्याची पिशवी असो, हे एका हाताने तीच गाठ मारायचे. ती सोडवता सोडवता माझी नखं तुटायची आणि मी रोज ह्यांच्या नावाने खडे फोडायची.

"कापायला चाकू देऊ का?" सर्व्हेअरने विचारलं.

मी नको म्हटलं. ती गाठ मला हवी होती. ग्लासगोला न्यावी, उशाशी ठेवावी असं फार वाटलं. पण वास्तू घराची असते, ती उचलून नेत नाहीत. मी गाठोडं होतं तसं खड्ड्यात ठेवलं. त्याच्यावर पहिलं सिमेंट पडलं आणि मला रडू फुटलं, ह्यांना नेलं तेव्हाही फुटलं नव्हतं असं. तो बिचारा थापी हातात धरून पुन्हा पुन्हा सांगत राहिला, काळजी करू नका, घर पास आहे.