कॉपरची सिद्धी

कॉपर गेला त्याला बारा दिवस झाले, आणि सिद्धी एकदा तरी रडली असेल का, हा प्रश्न स्नेहलताची पाठ सोडत नव्हता. भाजी चिरताना तोच, कपडे वाळत घालताना तोच. मेसेजला लेकीचं उत्तर यायचं, 'ऑल गुड, आई.' सहा वर्षं ज्याला रोज खरारा केला तो घोडा गेला, आणि ऑल गुड?

ही मंडळी २०११ साली कोथरूडहून न्यूझीलंडला आली, हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात घर घेतलं. नवऱ्याची, गुरुदत्तची इंजिनिअरची नोकरी, सिद्धीचं कम्प्युटरचं शिक्षण, सगळं आखलेलं. दोन वर्षांत सिद्धीनं कॉलेज सोडलं आणि ट्रिश नावाच्या बाईच्या घोड्यांच्या फार्मवर कामाला लागली, तिथंच राहायला गेली. टाकानिनीला राहणाऱ्या, ओळखीतल्या सरलावहिनी फोनवर म्हणाल्या, "अगं, पोरगी इंजिनिअर व्हायची ती मोतद्दार झाली की!" स्नेहलता हसली खरी, पण तो शब्द तिला दिवसभर टोचत राहिला.

कॉपर रेनिंगचा चॅम्पियन. लगाम ढिला सोडायचा आणि स्वाराच्या नुसत्या इशाऱ्यावर घोड्यानं जागच्या जागी गरगर फिरायचं, सुसाट येऊन मागच्या पायांवर घसरत थांबायचं, असा तो खेळ. २०१४ला त्याचा गुडघा गेला आणि तो पैदाशीपुरता उरला. सकाळ-संध्याकाळ सिद्धी त्याला फिरवायची. त्याची शिंगरं दोन्ही बेटांवर गेली, बक्षिसं आणू लागली. थांबताना एक कान मागे वळवायची त्याची लकब प्रत्येकात उतरली होती. सिद्धी कुंपणापलीकडूनच ओळखायची, "हा आपला!"

या मे महिन्यात त्याला पोटशूळ उठला. इलाज उरला नाही, शेवटचं इंजेक्शन द्यावं लागलं. सिद्धीनं फोन केला तेव्हा स्नेहलताच्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं बाई, सुटलीस. आता तरी धड नोकरी बघ."

पलीकडून "ओके", आणि फोन बंद. त्यानंतर नुसते मेसेज.

आज गुरुदत्त फार्मवर जाऊन आला. बूट काढता काढता म्हणाला, "अगं, आजूबाजूचे शेतकरी अजून जेवण आणून देतायत तिला. ॲपल-पाय काय, लझान्या काय, फ्रीजमध्ये जागा नाही. एक म्हातारा मला सांगत होता, तुमच्या मुलीइतकं त्या घोड्याला कुणी ओळखलं नाही. मी आपला मान हलवत उभा."

"माझं विचारलं तिनं?"

"नाही."

स्नेहलता ओट्याशी जाऊन उभी राहिली. हॅमिल्टनमधल्या कुठल्याही मराठी घरात दुःखाची बातमी आली, मग माणूस तिकडे भारतात का गेलेलं असेना, पिठलं-भाताचा पहिला डबा तिचा पोचायचा. त्या घरात चूल पेटवू द्यायची नाही. फारशी ओळख नसली तरी. आणि पोटच्या पोरीकडे डबा गेला नाही, कारण गेला तो घोडा होता.

तिनं बेसनाचा डबा काढला, परत ठेवला. दारात उभं राहून बोलणार काय? शेवटी जवळ कोण होतं, त्याला फार त्रास झाला का, परक्या घरीसुद्धा आपण विचारतो. लेकीला यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. ते आधी विचारायला हवं. उचलेल, न उचलेल.

तिनं हात पुसले आणि सिद्धीला फोन लावला.