पेस्ट लावलेले हात

नोकरीत मृतदेह पुष्कळ पाहिले. त्यातले बरेचसे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. एका शेतकऱ्याचे हात मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. नखांच्या कडांना लालसर रंग बसला होता, आणि त्या रंगावरूनच पुढचे सगळे उलगडत गेले. नावे कोणाचीच देत नाही. गावात त्या शेतकऱ्याला सगळे अण्णा म्हणत, तेवढे पुरे.

राज्यातले सरकार पडले, पक्ष उभा फुटला, आमदार हॉटेलात जाऊन बसले आणि हॉटेलांबाहेर पोलिसांचे पहारे लागले, त्या वर्षातली ही गोष्ट. लोकांना टीव्हीवर करमणूक होती, आम्हाला बंदोबस्त होता. एका सकाळी नाशिकच्या पंचवटीत एकाच पक्षाचे दोन मोर्चे समोरासमोर आले. झेंडा एक, घोषणा एक, फक्त फ्लेक्सवरचे फोटो वेगळे. माझ्या हवालदाराने विचारले, "साहेब, अडवायचं कोणाला?" मी म्हटले, "जो आधी दगड उचलेल त्याला." कालपर्यंत ज्यांच्या गाडीचे दार आम्ही उघडत होतो ते आज विरोधक होते, आणि विरोधक सत्तेत.

वरचे हे वारे खाली यायला वेळ लागला नाही. ग्रामपंचायत, सोसायटी, दूध संस्था, जिथे म्हणून हात वर करून मत द्यायचे तिथे गावाचे दोन तट पडले. मतदानाच्या आधी आपल्या बाजूचे सभासद उचलायचे, त्यांचे फोन काढून घ्यायचे आणि निवडणुकीच्या सकाळपर्यंत कुठेतरी खाऊ-पिऊ घालून ठेवायचे, याला आमच्याकडे 'सहलीला नेणे' म्हणतात. ही रीत जुनीच. पण पूर्वी तिच्यात थोडी मजा असे, माणसे देवदर्शन करून यायची. त्या वर्षी तिच्यात नुसता संशय होता.

माझ्या ठाण्याची हद्द गंगापूर रोड संपतो तिथून धरणाच्या बाजूला पसरलेली होती. त्या पट्ट्यात फार्महाऊस भरपूर. एक दिवस संध्याकाळच्या चहाच्या वेळेला सरकारी दवाखान्यातून खबर आली की आमच्या हद्दीतल्या एका फार्महाऊसवरून माणूस आणला होता, दाखल करण्यापूर्वीच मयत. आणणाऱ्यांनी सांगितले, जेवता जेवता हार्ट अटॅक आला. अकस्मात मृत्यूची नोंद करून मी स्वतः दवाखान्यात गेलो.

निफाडकडचा द्राक्ष बागायतदार, वय पन्नाशीच्या आत. पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा संचालक. चेअरमनची निवड तोंडावर होती आणि एका गटाने आपले संचालक सहलीला आणले होते, हे अर्ध्या तासात कळले. मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा सुरू केला. चेहरा आणि मान तांबडीलाल. मी हवालदाराला लिहायला सांगितले, 'दोन्ही हातांच्या नखांत लालसर रंग.' पंचांपैकी एक जण म्हणाला, "गुलाल असंल साहेब, निवडणुकीचा."

"निवडणूक अजून व्हायची आहे," मी म्हटले. "गुलाल आधी कोण उधळतो?"

माझे लहानपण दिंडोरीच्या द्राक्षबागांत गेले आहे. तो रंग मी ओळखला. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर सगळे डोळे, म्हणजे कोंब, एकदम फुटावेत म्हणून वेलाच्या काड्यांना एक औषध लावतात. त्याला गावात नुसते पेस्ट म्हणतात. कोणती काडी झाली आणि कोणती राहिली हे दिसावे म्हणून त्यात रंग कालवतात. हातमोजे घातले तरी तो नखांत जातोच. आणि ज्याने पेस्ट लावली त्याने पुढचे काही दिवस दारूला शिवायचे नाही, हे द्राक्षपट्ट्यातल्या प्रत्येक घरात माहीत असते. औषध अंगात भिनलेले असते, वरून दारू पडली की चेहरा लाल होतो, छाती फुटेल अशी धडधडते, श्वास कोंडतो. माणूस वाचला तर नशीब. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मी हे सांगितले. त्यांनी व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला आणि तपासणीच्या पत्रात त्या औषधाचा खास उल्लेख केला.

मला एकच गोष्ट खटकत होती. हातावर पेस्ट असलेला बागायतदार आपणहून ग्लास उचलेल कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांची बायको ठाण्यात आली. बरोबर तिचा भाऊ होता, पण तो दारातच थांबला. ती रडत नव्हती. तिने मला सरळ विचारले, "साहेब, कागदावर काय लिहिलंय?"

मी म्हटले, तपास चालू आहे.

"गावात आत्तापासूनच बोलाया लागले, दारू पिऊन मेला म्हणून. माझ्या पोरीला बघायला येणार होते, त्यांचाबी फोन आला, आता नंतर बघू म्हणे. साहेब, माझा माणूस प्यायचा, मी खोटं नाय बोलणार. पण पेस्टीच्या दिवसांत थेंब नाय घेतला कधी. जाताना मीच बजावलं, तर मलाच हसले. म्हणले, मला काय मरायचंय का? तो पिऊन मेला नाय, त्याला पाजलीय. एवढं लिहा. मला दुसरं कायबी नको."

फोन यायला लागले होतेच. 'गरीब माणूस अटॅकने गेला, उगाच राजकारण नको, प्रकरण मिटवा.' एकच निरोप दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांकडून आला, याची मला मोठी गंमत वाटली. एकाला बदनामी नको होती, दुसऱ्याला उद्या त्याच माणसांना आपल्याकडे ओढायचे होते. मी दोघांनाही सांगितले की साहेब, व्हिसेरा तपासणीला गेला आहे, आता ते माझ्या हातात नाही. तपासात अशी वाक्ये फार उपयोगी पडतात.

सहलीतल्या सगळ्यांचे जबाब घेतले. सगळ्यांनी पाठ केल्यासारखे एकच सांगितले: दुपारी जेवायला बसलो, अण्णांनी स्वतःच्या मर्जीने घेतली, अचानक कोसळले. सहलीची व्यवस्था पाहणारा शहरातला एक तरुण होता, त्या गटाच्या पुढाऱ्याचा उजवा हात. त्याला जरा सैल सोडले, चहा पाजला, त्या वर्षीच्या राजकारणावर बोलू दिले. स्वतःच्या हुशारीबद्दल बोलायला मिळाले की असली माणसे थांबत नाहीत.

"साहेब, भरवसा कोणावर ठेवायचा सांगा," तो म्हणाला. "आमदार एकाबरोबर जेवतात न् दुसऱ्याच्या गाडीत बसतात. आपली पद्धत सोपी आहे. सगळ्यांनी प्यायची. पडून राहिले की कोणी फुटत नाही. जो पीत नाही तो शुद्धीवर राहतो, आणि शुद्धीवर राहणारा कुंपणावरून उडी मारतो."

"म्हणजे नाही म्हणणारा फितूर."

"तसंच धरायचं."

"अण्णा नाही म्हणाले होते?"

इथे तो सावध झाला आणि त्याला वकील आठवला. मला पाहिजे ते मिळाले होते, पण ते कागदावर यायला आतला कोणीतरी बोलायला हवा होता.

अण्णांचा एक मित्र त्या सहलीत होता. तोही संचालक. बांधाला बांध लागून असलेला, शाळेपासूनचा जोडीदार. गावातली माणसे गोळा करून गाडीत बसवण्याचे काम त्यानेच केले होते. जबाबात त्याने लिहून दिले होते की त्याने स्वतः दारू घेतली नाही, पोट बिघडले होते. फार्महाऊसवरच्या आचाऱ्याला मी सहज विचारले, तर तो म्हणाला, त्यांनी मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला. पोट बिघडलेला माणूस झणझणीत रस्सा ओरपत नाही.

मी मित्राला परत बोलावले. चौकशीत मी कोणाला अरे-तुरे करत नसे. सहकारी यावरून हसायचे, पण माझा अनुभव असा की मान दिला की खोटे बोलणाऱ्याला जास्त त्रास होतो. टेबलावर चहा आला. त्याने कप उचलायला हात पुढे केला.

"हात दाखवा," मी म्हटले.

त्याने कप ठेवला. हात मात्र पुढे केले नाहीत, मांडीवर घेतले. तोवर मी पाहिले होते. तोच लालसर रंग, नखांच्या तशाच कडा.

"तुमच्या बागेला पेस्ट केव्हा लावली?"

त्याने कोपराने कप बाजूला सारला.

"अण्णांच्या बरोबरच ना? म्हणून तुम्ही थंड घेतलं. त्यांनीही नाही म्हटलं असणार. मग त्यांच्या हातात ग्लास आला कसा?"

तो खालमानेने बोलायला लागला. "अण्णा म्हणले, पेस्ट लावलीय, मला चालत नाय. ती पोरं शहरातली, हसाया लागली. म्हणे हे नवीन कारण काढलं. अण्णाचा साडू पलीकडच्या गटात हाय, त्यामुळं आधीच सगळ्यांचा डोळा होता त्याच्यावर. मग त्यांनी मला विचारलं, खरं हे का रे, असं काय असतं का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणलो, मला नाय माहीत."

त्याने बोटे मुठीत झाकून घेतली.

"माणसं मीच गोळा केलेली म्हणून माझं पोटाचं कारण चाललं होतं. खरं हाय म्हणलो असतो तर मीबी त्याच्यातलाच झालो असतो," तो म्हणाला. "मग दोघांनी धरलं न् एकानं तोंडाला ग्लास लावला. अण्णा माझ्याकडं बघत होता साहेब. मला वाटलं, थोडी पोटात गेली तर काय होतंय."

पुढे तो रडला. मी त्याला रडू दिले. खरे सांगायचे तर माझ्या मनात त्याची कीव नव्हती, राग होता, आणि तो अजून गेलेला नाही. ग्लास लावणाऱ्यांना औषध माहीत नव्हते. याला माहीत होते आणि याला विचारलेही होते.

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे त्याचा जबाब झाला, व्हिसेराचा अहवाल आला, सदोष मनुष्यवधाचे दोषारोपपत्र मी निवृत्तीपूर्वी दाखल केले. खटला अजून उभा आहे. अण्णांच्या बायकोला मी कागद वाचून दाखवला: मयताच्या इच्छेविरुद्ध, बळजबरीने. तिने तेवढे शब्द परत एकदा वाचायला लावले.

बळजबरी करणारे आरोपी मी आयुष्यभर पाहिले, त्यांच्याबद्दल नवे काही शिकलो नाही. शिकलो ते त्या मित्राकडून. वर मोठ्या माणसांनी निष्ठा विकायला काढली की खाली साध्या माणसांना ती रोज सिद्ध करून दाखवावी लागते, आणि त्या धास्तीत चांगला माणूसही शेजाऱ्याचा जीव जाताना गप्प बसतो. कायद्यात या गप्प बसण्याला नीट कलम नाही. मी शोधून पाहिले आहे.

गेल्या छाटणीच्या वेळी एका कामासाठी त्या बाजूला गेलो होतो. सोसायटीच्या दारावर फ्लेक्स होता. दोन्ही गटांचे पुढारी हात जोडून शेजारी शेजारी उभे, मधे बिनविरोध निवडून आलेला चेअरमन. रस्त्यालगत अण्णांची बाग आहे. त्यांची बायको काड्यांना पेस्ट लावत होती. मला ओळखून बांधापर्यंत आली. मुलीचे लग्न झाल्याचे सांगितले. फ्लेक्स मी पाहिल्याचे तिच्या लक्षात आले असावे.

"साहेब, तुम्हाला एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "ते मत यांनाच देणार होते."

"यांना म्हणजे?"

"ज्यांनी नेलं त्यांनाच. साडूला घरी बसवून सांगितलं होतं, नातं एका बाजूला, मी शब्द दिलाय." तिने हातातला स्पंज बादलीत बुडवला. तिची बोटेही आता लाल होती. "त्यांना नुसतं विचारलं असतं तरी पुरे होतं."

मग ती पुढच्या वेलाकडे गेली.